यंत्राची तक्रार आणि भाषेचा कान

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या पोटांत जी व्यवस्था चालते, तिच्यांत कांहीं बिघडलें म्हणजे त्याची वर्दी प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेनें कशी घ्यावी, या प्रश्नाचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें. विषय यंत्राचा खरा, पण त्याचें मर्म मनुष्यस्वभावांत आहे. वाईट बातमी सांगणारा प्रामाणिक असला, तरी ऐकणारा कान देईलच असें नाहीं. आणि ज्यानें कान दिला नाहीं त्याचें नुकसान पुष्कळदां तिसऱ्यालाच सोसावें लागतें.

प्रथम प्रश्न काय आहे तें पाहूं. संगणकांत चालणारा कोणताहि प्रोग्रॅम स्वतःच्या हातानें फारसें कांहीं करूं शकत नाहीं. त्याला आंकडेमोड करतां येते. परंतु तबकडीवरील फाईल उघडणें, तींत मजकूर लिहिणें, दुसऱ्या यंत्राशीं संपर्क साधणें, या गोष्टी त्याला परस्पर करण्याची मनाई आहे. त्यासाठीं त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे, आणि नेमकें बोलावयाचें तर तिच्या गाभ्याकडे, अर्ज करावा लागतो. या गाभ्याला कर्नेल म्हणतात व अर्जाला सिस्टीम कॉल. आतां कचेरींत अर्ज गेला म्हणजे तो मंजूरच होईल असें नाहीं. त्या नांवाची फाईल नसेल, ती वाचण्याचा अधिकार नसेल, तबकडी भरली असेल किंवा तबकडीच नादुरुस्त झाली असेल. अशा वेळीं कर्नेल अर्जावर शेरा मारून तो परत करतो. शेरा वाचणें हें अर्जदाराचें काम. ज्या गृहस्थानें शेरा न वाचतां, अर्ज मंजूर झाला असें समजून घराचा पाया खणावयास घेतला, त्याची जी गत होईल तीच शेरा न वाचणाऱ्या प्रोग्रॅमची होते. म्हणून भाषेपुढील प्रश्न असा कीं, शेरा अर्जदाराच्या हातीं कोणत्या रीतीनें द्यावा, म्हणजे तो वाचल्यावांचून त्याला पुढें पाऊल टाकतां येणार नाहीं?

हा इतिहास अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत सुरू होतो. मल्टिक्स नांवाची एक भव्य ऑपरेटिंग सिस्टीम रचण्याच्या कामांत ही प्रयोगशाळा भागीदार होती. १९६९ सालीं तिनें त्यांतून अंग काढून घेतलें, आणि तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं एका लहानशा यंत्रावर युनिक्स ही साधी, आटोपशीर व्यवस्था उभी केली. मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनीं एक मौजेची आठवण लिहून ठेवली आहे. त्यांनीं रिची यांस सांगितलें कीं, मल्टिक्ससाठीं आपण लिहीत असलेला निम्मा मजकूर चुका झाल्यावर सांवरण्यापुरताच आहे. रिची उत्तरले कीं, तें सर्व आम्हीं गाळून टाकलें. चूक झाली कीं पॅनिक नांवाचा एक भाग चालतो, यंत्र बंद पडतें, आणि मग बाहेरच्या बाजूस हांक मारून कोणास तरी तें पुन्हां सुरू करावयास सांगावें, एवढेंच. हा पॅनिक शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो आपणांस पुन्हां भेटणार आहे.

परंतु कर्नेलच्या स्वतःच्या संकटासाठीं पॅनिक पुरेसें असलें, तरी एखाद्या प्रोग्रॅमनें नसलेली फाईल मागितली म्हणून सारें यंत्र बंद पाडणें शक्य नव्हतें. तेथें शेरा देणें प्राप्तच होतें. युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढलें, त्यांत बेरजेंतील हातचा दाखविणारा एक दिवा असावा तशी एक खूण असे. अर्ज फेटाळला गेला कीं कर्नेल ती खूण चढवून ठेवी. पुढें त्या खुणेबरोबर कारणाचा क्रमांकहि मिळूं लागला. सी भाषेंतून अर्ज केल्यास उत्तर म्हणून उणें एक हा आंकडा हातीं येई, आणि कारणाचा क्रमांक एर्नो नांवाच्या एका सामाईक जागीं लिहून ठेवलेला असे. क्रमांक २ म्हणजे अशी फाईल नाहीं, ५ म्हणजे वाचन-लेखनांत दोष, १२ म्हणजे स्मृति अपुरी, १३ म्हणजे परवानगी नाहीं, २८ म्हणजे तबकडीवर जागा उरली नाहीं. हे क्रमांक इतके टिकाऊ निघाले कीं आजच्या लिनक्समध्येंहि ते तसेच आहेत. 

ही रीति स्वस्त, सुटसुटीत आणि जलद होती. पण तिच्यांत तीन दोष राहिले, व त्यांचे परिणाम दूरवर पोंचले.

पहिला दोष असा कीं, उत्तर व शेरा एकाच वाटेनें येत. उणें एक हा आंकडा नापसंतीची खूण म्हणून ठरला. पण कांहीं अर्जांचें खरें उत्तरच उणें एक असूं शकतें. प्रोग्रॅमला मिळालेला अग्रक्रम विचारणारा गेटप्रायॉरिटी हा अर्ज त्यांपैकीं होय. तेथें उणें एक हें उत्तर कीं नकार, हें कळावें म्हणून अर्ज करण्यापूर्वीं एर्नोची जागा शून्य करून ठेवावी, आणि नंतर ती बदलली कीं काय तें पाहावें, असा उपचार करावा लागतो.

दुसरा दोष आम्हां शिक्षकांस चांगला समजेल. एर्नो हा वर्गांतील फळा आहे, पण तो पुसण्याची जबाबदारी कोणावरच नाहीं. अर्ज नाकारला गेला तर त्यावर क्रमांक लिहिला जातो. अर्ज मंजूर झाला तर मागचा क्रमांक तसाच राहतो. अगोदरच्या तासाचें गणित फळ्यावर राहिलें, आणि नव्यानें वर्गांत आलेल्या मुलानें तेंच आजचें गणित म्हणून सोडविलें, तर दोष कोणाचा म्हणावा? यांतूनच युनिक्सच्या जगांतील एक प्रसिद्ध गंमत जन्मली. त्या काळीं संगणकाशीं बोलण्याचें साधन टंकलेखनयंत्रासारखें असे. म्हणून क्रमांक २५ चा अर्थ 'हें टंकलेखनयंत्र नव्हे' असा लिहिलेला होता. सी भाषेच्या ग्रंथालयांतील मजकूर छापणारा भाग आपला मजकूर माणसापुढें जाणार आहे कीं फाईलींत, हें पाहण्यासाठीं गुपचूप एक चौकशी करी. मजकूर फाईलींत जात असला कीं ती चौकशी फसे व फळ्यावर २५ उरे. पुढें भलत्याच कारणानें एखादें काम अडलें, आणि प्रोग्रॅमनें घाईनें फळा वाचला, कीं टपाल न पोंचलेल्या गृहस्थाला 'हें टंकलेखनयंत्र नव्हे' असा निरोप येई! हंसावयास ठीक, पण ज्याला खरें कारण हवें होतें त्याची वाट चुकली ती चुकलीच.

पुढें एकाच प्रोग्रॅममध्यें अनेक कामें एकाच वेळीं चालूं लागलीं. आतां एका फळ्यावर दोन वर्ग भरूं लागल्यासारखें झालें. एकानें लिहावें आणि दुसऱ्यानें त्यावर गिरवावें. १९९५ सालच्या पॉझिक्स प्रमाणग्रंथांत प्रत्येक प्रवाहाला स्वतःचा फळा देण्यांत आला. नांव तेंच राहिलें, परंतु वस्तु बदलली.

तिसऱ्या दोषापूर्वीं, क्रमांक ४ ची कथा सांगावयास हवी, कारण तिच्यांत एक तत्त्वाचा वाद आहे. अर्ज विचाराधीन असतांनाच प्रोग्रॅमला बाहेरून एखादा तातडीचा इशारा आला तर काय करावें? एमआयटीमधील जुन्या आयटीएस व्यवस्थेंत कर्नेल अर्ज इतक्या काळजीनें मागें घेई कीं, इशाऱ्याचें काम आटोपल्यावर तो आपोआप पुन्हां सादर होई. प्रोग्रॅमला कांहीं कळतहि नसे. युनिक्सनें सोपा मार्ग धरला: अर्ज अर्धवट सोडून क्रमांक ४ परत द्यावा, म्हणजे 'मध्यें व्यत्यय आला', आणि पुन्हां प्रयत्न करावयाचा कीं नाहीं तें प्रोग्रॅमनें पाहावें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत रिचर्ड गेब्रिएल यांनीं याच उदाहरणावरून दोन पंथांची तुलना केली. एक पंथ म्हणतो, गुंतागुंत कर्नेलनें सोसावी, वापरणाऱ्याला त्रास नको. दुसरा म्हणतो, कर्नेल साधा असावा, गुंतागुंत वापरणाऱ्यानें सोसावी. साधेपणाचा पंथ जगांत पसरला, आणि त्याची किंमत हजारों प्रोग्रॅमरांनीं प्रत्येक अर्जाभोंवतीं 'व्यत्यय आला तर पुन्हां करा' असें लिहून चुकती केली. ज्यांनीं लिहिलें नाहीं, त्यांचे प्रोग्रॅम कधींतरी अकारण अडखळले.

आतां तिसरा दोष, व तोच सर्वांत घातक. शेरा न वाचला तरी कोणी हटकत नाहीं. सी भाषेंत उत्तराकडे पाठ फिरवून पुढील ओळीवर जाण्यास कसलाच अडथळा नाहीं. याचें एक बोधप्रद उदाहरण २०१० सालीं अँड्रॉइड फोनांत दिसून आलें. फोन संगणकाला जोडण्यासाठीं त्यांत एक सेवक प्रोग्रॅम असतो. तो सुरू होतांना त्याच्यापाशीं साऱ्या यंत्राच्या किल्ल्या असत. मग तो 'माझे अधिकार काढून घ्या' असा अर्ज कर्नेलकडे करी आणि साध्या नोकराच्या हुद्यावर काम चालवी. अर्ज फेटाळला जाण्याचें एक कारण मात्र होतें: त्या साध्या हुद्याखालीं चालणाऱ्या कामांची ठरलेली संख्या भरलेली असणें. कोणा चतुरानें ती संख्या मुद्दाम भरविली आणि सेवकाला पुन्हां सुरू होण्यास भाग पाडलें. अर्ज फेटाळला गेला, शेरा परत आला, पण सेवकानें तो वाचलाच नाहीं. आणि सर्व किल्ल्या कमरेला तशाच ठेवून तो चाकरीस उभा राहिला. फोन परक्याच्या ताब्यांत गेला. विशेष हें कीं, अशा चुका इतक्या ठिकाणीं होत्या, कीं २०११ सालीं लिनक्स कर्नेलनेंच आपला नियम बदलला: संख्या भरली असली तरी अधिकार सोडण्याचा अर्ज त्या कारणानें नाकारावयाचा नाहीं, अडवावयाचें तें पुढच्या पायरीवर. ऐकणारा सुधारत नाहीं असें पाहून सांगणाऱ्यानेंच आपली रीत बदलली.

या दोषावर उपाय म्हणून दुसरा एक संप्रदाय फार पूर्वींच निघाला होता. शेरा हातांत न देतां, कांहीं बिघडलें कीं प्रोग्रॅमची चालू वाटच मोडावी, आणि संकटनिवारणासाठीं लिहिलेल्या भागाकडे त्याला सक्तीनें न्यावें. यास इंग्रजींत एक्सेप्शन म्हणतात; आपण अपवाद म्हणूं. आयबीएमच्या पीएल-वन भाषेंत १९६० च्या दशकांतच त्याचें बीज होतें. पुढें बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेनें त्याला शिस्त लाविली. एडा, सी प्लस प्लस, आणि १९९६ सालीं बाहेर पडलेली जावा यांनीं तो रूढ केला. जावानें तर कायदाच केला: फाईलीशीं व्यवहार करावयाचा असेल, तर वाचन-लेखनांतील अपवादाची सोय करा किंवा 'तो मी वर पाठवितों' असें स्पष्ट लिहून द्या, नाहींतर प्रोग्रॅम तयारच होणार नाहीं.

अपवादामुळें शेऱ्याकडे दुर्लक्ष होणें थांबलें काय? दोन गोष्टी सांगतों. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतून एरियान-५ या अग्निबाणाचें पहिलें उड्डाण झालें. त्यांतील दिशादर्शक संगणकांत एक मोठा दशांश आंकडा सोळा बिटांच्या लहान पूर्णांकांत बसविण्याचा प्रयत्न झाला. तो बसला नाहीं, आणि यंत्रानें रीतसर अपवाद उभा केला. त्याचें निवारण करणारा भाग त्या ठिकाणीं लिहिलेलाच नव्हता, म्हणून संगणकानें स्वतःला बंद करून घेतलें. जोडीचा राखीव संगणकहि त्याच कारणानें क्षणभर अगोदर बंद पडला होता. बंद होतांना त्यानें तक्रारीचा जो मजकूर पाठविला, तो मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती समजून घेतला व त्याबरहुकूम अग्निबाण वळविला. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटरांच्या आसपास उंचीवर त्याचे तुकडे झाले. तक्रार झाली होती. पण ती तक्रार आहे हें ऐकणाऱ्याला ओळखतां आलें नाहीं.

दुसरी गोष्ट २०१४ सालची. टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनीं, अनेक यंत्रांवर पसरून चालणाऱ्या पांच मोठ्या माहितीव्यवस्थांतील १९८ बिघाड तपासले. त्यांतील जे अत्यंत विनाशकारी होते, त्यांपैकीं ९२ टक्क्यांचें मूळ एकच निघालें: व्यवस्थेनें बिघाडाची वर्दी स्पष्ट दिली होती, पण ती हाताळण्यांत चूक झाली. त्या विनाशकारी बिघाडांपैकीं ३५ टक्के तर अगदीं क्षुल्लक चुकांचे. निवारणाच्या भागांत कांहींच लिहिलेलें नाहीं, किंवा 'हें पुढें करावयाचें आहे' एवढीच टीप ठेवलेली आहे. कायदा सही मागतो म्हणून सही केली, पण कागद वाचला नाहीं, असा हा प्रकार झाला. सक्तीनें हजेरी लावतां येते, लक्ष मात्र सक्तीनें मिळत नाहीं, हें वर्गांत चाळीस वर्षें उभें राहिलेल्या मनुष्याला निराळें सांगावयास नको.

तेव्हां अलीकडील भाषांनीं तिसरा मार्ग शोधला. २००९ सालीं गूगलमधून गो भाषा जगापुढें आली. तिच्या तीन जनकांपैकीं एक कोण असावा? चाळीस वर्षांपूर्वीं युनिक्सची पहिली ओळ लिहिणारे केन टॉम्प्सन! त्या भाषेंत उत्तर व शेरा अशा दोन निराळ्या वस्तु हातीं येतात. उणें एकाचा घोटाळा राहिला नाहीं, सामाईक फळाहि राहिला नाहीं. २०१५ सालीं रस्ट भाषेची पहिली पक्की आवृत्ति निघाली, आणि तिनें याहून एक पाऊल पुढें टाकलें. तेथें अर्जाचें उत्तर एका बंद पाकिटांत येतें. पाकिटांत एक तर मिळालेली वस्तु असते किंवा शेरा असतो. दोन्ही कधींच नसतात. पाकीट फोडून आंत काय आहे तें पाहिल्याशिवाय वस्तु हातीं लागत नाहीं, आणि पाकीट न फोडतांच टाकून दिलें तर भाषेचा अनुवादक ताकीद देतो. शेऱ्याला 'सांपडली नाहीं', 'परवानगी नाहीं' अशीं सुबोध नांवें आहेत, आणि आंत कर्नेलचा मूळ क्रमांकहि जपून ठेवलेला असतो. शेरा वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असल्यास २०१६ पासून ओळीच्या शेवटीं एक प्रश्नचिन्ह लिहिलें कीं काम भागतें. खरें वागणें सोपें केलें म्हणजे लोक खरें वागतात, हें शहाणपण त्या एका चिन्हांत आहे.

पायथॉन भाषेनें अपवादाचा पंथ सोडला नाहीं, पण त्यांत सुधारणा केली. २०१२ सालच्या ३.३ आवृत्तींत तिनें निरनिराळे जुने अपवाद एका कुळांत आणले व 'फाईल सांपडली नाहीं', 'परवानगी नाहीं' असे त्यांचे वेगळे पोटभेद केले, म्हणजे क्रमांक पाठ करण्याची गरज सरली. २०१५ सालच्या ३.५ आवृत्तींत, व्यत्यय आल्यास अर्ज पुन्हां करण्याचें काम भाषेनेंच अंगावर घेतलें. आयटीएसच्या लोकांना जें कर्नेलमध्यें हवें होतें, तें इतक्या वर्षांनीं भाषेंत आलें.

इतकें झालें तरी भोकें उरलींच आहेत. रस्टमध्येंहि फाईल आपोआप मिटतांना जी तक्रार होईल ती मुकाट्यानें टाकून दिली जाते. काळजी घ्यावयाची असेल, तर मिटण्यापूर्वीं लिखाण तबकडीवर पोंचल्याची खात्री स्वतः करून घ्यावी लागते. आणि ही खात्री करून देणारा अर्जहि किती नाजूक आहे, तें २०१८ सालीं उघड झालें. पोस्टग्रेस नांवाची एक प्रख्यात माहितीव्यवस्था आहे. पेढ्या व दुकानें यांचे हिशेब अशाच व्यवस्थांत असतात. मजकूर तबकडीवर उतरला ना, असें ती कर्नेलला विचारी, आणि नाहीं असें उत्तर आलें तर थोड्या वेळानें पुन्हां विचारी. दुसऱ्या वेळीं 'उतरला' असें उत्तर आलें कीं तिचें समाधान होई. परंतु लिनक्स कर्नेल उतरविण्यांत अपयश आलेलीं पानें उतरलींच असें धरून चाले, आणि वर्दी एकदांच देई. म्हणून दुसरें उत्तर खरें नव्हतें. मजकूर कोठेंच नव्हता. वीस वर्षें सावधगिरीनें लिहिलेल्या व्यवस्थेलाहि वाटत होतें कीं पुन्हां विचारणें म्हणजेच दक्षता. फेब्रुवारी २०१९ मध्यें पोस्टग्रेसनें आपला नियम बदलला: असा शेरा एकदां आला कीं पुन्हां विचारावयाचें नाहीं, काम तात्काळ थांबवावयाचें, आणि रोजकीर्द वाचून खातेवही नव्यानें भरावयाची. या थांबण्याला त्यांच्या शब्दकोशांत काय म्हणतात? पॅनिक. रिची यांचा तो जुना शब्द पन्नास वर्षांनीं परत आला. फरक एवढाच कीं, आतां थांबण्यापूर्वीं रोजकीर्द लिहिलेली असते.

श्रोतेहो, या सर्व इतिहासाचा इत्यर्थ मला असा दिसतो. अर्ज फेटाळला जाणें हा अपघात नव्हे, तो व्यवहाराचा नित्य भाग आहे. तबकड्या भरणार, तारा तुटणार, अधिकार नाकारले जाणार. म्हणून चांगल्या भाषेचें काम चूक होऊं न देणें हें नव्हे. शेरा उत्तराहून वेगळा ठेवणें, त्याचें मूळ कारण न हरवणें, आणि तो न वाचणें हें वाचण्यापेक्षां अधिक कष्टाचें करणें, एवढें तिनें केलें कीं तिचें कर्तव्य झालें. उरलेलें काम लिहिणाऱ्याचें. शेरा वाचल्यावर तीनच मार्ग मोकळे असतात: आपल्याला निस्तरतां येईल तें निस्तरावें, न येईल तें जसेंच्या तसें वरिष्ठाकडे पाठवावें, आणि पुढें जाणें धोक्याचें असेल तेथें थांबावें. चौथा मार्ग, म्हणजे कांहीं घडलेंच नाहीं असें समजून चालणें, तो यंत्राला ठाऊक नाहीं. तो माणसानेंच यंत्राला शिकविला, आणि त्याची किंमत, तो शिकविणाऱ्याहून अधिक, ज्यांचे हिशेब, पत्रें व ठेवी त्या यंत्रांत आहेत अशा अनोळखी माणसांनीं मोजली आहे.